मोडीत आलेले तुकोबा

सज्जनहो, आज निरूपणाला दोन रुपयांचे एक नाणे घेतले आहे. हसू नका. पुढचे ऐका.

दशमीच्या संध्याकाळी कल्याणास स्टेशनाजवळच्या बाजारात एका म्हाताऱ्या भाजीवालीकडून मेथीची जुडी आणि तुळस घेतली. तिने मोड दिली, ती न बघता खिशात टाकली. घरी दिव्याखाली मोजायला बसलो, तो त्यात अकरा कोनांचे एक जुने नाणे. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला आपले तुकोबा! सन २००२ मध्ये सरकारने ही नाणी काढली. त्याआधी १९९९ मध्ये ज्ञानोबा माउलींचा रुपया निघाला होता आणि शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणेही त्याच साली. एवढी वर्षे ही नाणी आपल्या हातांतून जात होती, पण आपण आकडा पाहिला, मुखडा पाहिला नाही. आणि कोन तरी किती? अकरा. म्हटले, एकादशीच्या आदल्या दिवशी महाराज घरी आले.

आता गंमत पाहा. ज्या तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत सोडली, शिवरायांचा नजराणा जसाच्या तसा परत पाठवला, असे आपण परंपरेने ऐकतो, त्यांचेच चित्र पैशावर! ज्याने पैसा सोडला त्याला पैशाने धरले.

पण आमच्याच दिंडीतल्या एका वारकऱ्याच्या हाती माउलींचा रुपया आला, तेव्हा काय झाले ते ऐका. गृहस्थ साधा, माळकरी. मोबाइलवर त्याने जाहिरात पाहिली की असले नाणे लाखांना विकत घेतो. त्याने फोन केला. पलीकडचा गोड बोलला. म्हणाला, आधी नोंदणीचे पैसे भरा. ते भरले. मग कराचे भरा. तेही भरले. मग म्हणे नाणे न्यायला माणूस येतो, त्याचे भाडे भरा. आषाढीसाठी वर्षभर गाठीला बांधलेले पैसे गेले आणि फोन बंद झाला. रुपया हातातच राहिला. त्या वर्षी त्याची वारी चुकली. घरात सांगायची लाज, दिंडीत यायची लाज.

सज्जनहो, त्याला हसू नका. लोभ काय एकट्या त्यालाच आहे? आपल्यालाही असाच फोन लागला असता तर? म्हणून व्यवहाराचे दोन शब्द आधी सांगतो, परमार्थ मागाहून. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी शुल्क वा दलाली कोणाकडून मागत नाही. जो विकत घेणारा आहे तो पैसे देतो, मागत नाही. एवढी खूण पुरे. फसलातच तर लाजून बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. आणि नाण्याला मोल येते ते जुनेपणाने नव्हे, दुर्मिळपणाने. साल, टाकसाळीची खूण, किती निघाली, किती झिजली, हे पाहून जाणकार ठरवतो. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण असेल तर ते मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे. बाजारात चालण्यासाठी पुष्कळ काढलेल्या नाण्याला लाख कोण देणार?

असो. मूळ गोष्टीकडे येऊ. रात्रभर मला झोप नाही. वाटले, म्हातारीने नकळत दिले असेल. तिच्या अजाणपणावर आपण श्रीमंत व्हायचे काय? ते दोन रुपयांचे असो की दोनशेचे, चूक तिची आणि नफा माझा, हा कुठला वारकरी धर्म? सकाळी जाऊन नाणे तिच्यापुढे ठेवले. म्हटले, "आजी, यावर तुकोबा आहेत. तुम्ही चुकून दिलेत."

म्हातारी म्हणाली, "चुकून न्हाई बुवा. मला ठावं हाय. असलं नाणं आलं की मी बाजूला ठेवते, आन् गळ्यात माळ दिसली की त्याच्या मोडीत घालते."

मी म्हटले, "तुमच्याजवळच का ठेवत नाही?"

ती म्हणाली, "वारी करनाऱ्याला गल्ल्यात कोंडून कसं ठेवू?"

सज्जनहो, चाळीस वर्षे निरूपण करतो, पण त्या दिवशी मी श्रोता झालो. पैशाला आपण चलन म्हणतो. चलन म्हणजे चालणे. वारकरीही चालतो. जो थांबला, साठला, तो गंजला.

हे कल्याण जुने बंदर आहे. कान्हेरीच्या लेण्यांत इथल्या व्यापाऱ्यांच्या दानाचे लेख आहेत. १६५७ मध्ये हे शहर शिवरायांनी घेतले; पुढे त्यांची तांब्याची शिवराई घरोघर चालली. तीही गेली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि आणे गेले. ३० जून २०११ पासून पावली आणि तिच्याखालची नाणी बाद झाली. ज्यावर राजाचा शिक्का तेही बाद होते. पण गंमत अशी की आणा गेला तरी आपण अजून 'सोळा आणे खरे' म्हणतो! नाणे गेले, खरेपणा उरला. तोच जपायचा. नामाचे नाणे कोणत्याही सरकारच्या हुकमाने बाद होत नाही, आणि ते खर्चल्याने वाढते.

तो फसलेला गृहस्थ पुढच्या वर्षी दिंडीत आला. त्याची शिधा-सामग्री दिंडीने वाटून घेतली. कोणी मागचे काढले नाही. माउलींचा रुपया त्याने आळंदीत एका भुकेल्याच्या चहात खर्च केला. म्हणाला, "आता उतरला भार."

माझे तुकोबाही आज माझ्याजवळ नाहीत. माळ घातलेला एक पोरगा दिसला, त्याच्या मोडीत गेले. कदाचित उद्या तुमच्या हाती येतील. आकडा पाहण्याआधी मुखडा पाहा, हात जोडा, आणि पुढे जाऊ द्या.

रामकृष्णहरि!