रिइम्बर्समेंट आणि ऋण



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२. देवांकडून मिळालेलं परत न देता एकट्यानेच भोगणाऱ्याला भगवंत इथे थेट चोर म्हणतात.

हा श्लोक वाचला आणि मला घामच फुटला. कारण आदल्या रात्रीच मी ऑफिसच्या टूरचं रिइम्बर्समेंट क्लेम केलं होतं. त्यात एक कॅबचं बिल मैत्रिणीच्या घरी गेले होते त्याचं होतं. 'कोण बघतंय?' म्हणून टाकून दिलं.

'रिइम्बर्स' हा शब्द रोजचा, पण अर्थ कधी बघितला नव्हता. लॅटिनमध्ये 'बुर्सा' म्हणजे थैली; त्याचं मूळ ग्रीक 'बिर्सा', म्हणजे कातडं. पर्स आणि कॉलेजचा खजिनदार 'बर्सर' हे याच घरातले. 'इम्बर्स' म्हणजे थैलीत घालणं, आणि 're' ऐवजी आपण म्हणू 'पुन्हा'. ज्याच्या थैलीतून गेलं, त्याच्या थैलीत पुन्हा घालणं. म्हणजे कंपनीसाठी जे माझ्या थैलीतून गेलंच नाही, ते 'पुन्हा' कसं येणार? सकाळी ते बिल काढून टाकलं.

पण मग दुसराच प्रश्न सतावू लागला. ज्यांनी माझ्यासाठी थैली रिकामी केली, त्यांचं काय? माझ्या फीसाठी बाबांनी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. पहिल्या पगारातून पैसे पाठवले, तर ते हसून म्हणाले, "अगं, मी कुठे बिलं ठेवलीत? एखाद्या पोराची फी भर."

मराठीत आपण ऋण 'फेडतो'. फेडणं म्हणजे सोडवणंही. नेसलेलं वस्त्रसुद्धा आपण फेडतो. पण आईबाबांशी असलेली गाठ मला सोडवायचीच नाहीये!

उत्तर पुढच्याच श्लोकांत सापडलं. यज्ञातून पाऊस, पावसातून अन्न, अन्नातून जीव. हे चक्र पुढे चालवायचं, असं भगवंत सांगतात. ढगाला त्याचं पाणी कुणी मोजून परत करत नाही. पण शेतकरी धान्य कोठारात कुलूप लावूनही ठेवत नाही, पुन्हा पेरतो. काही ऋणं मागे फेडायची, काही पुढे.

आज एवढंच करूया: ज्याने आपल्यासाठी बिल ठेवलं नाही, असं एक माणूस आठवूया. आणि त्याच्या नावाने कुणासाठी तरी काहीतरी करूया, बिल न ठेवता.

राम कृष्ण हरी!