आजची भाकर आणि सेवाज्येष्ठता

१ एप्रिल २०१७, शनिवार. स्टेट बँक ऑफ हैदराबाद त्या दिवशी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. नांदेड-लातुरात तिचं पूर्ण नाव कुणी घेत नसे; ‘हैदराबाद बँक’ म्हटलं की झालं. १९४१ साली निजामाच्या राज्यात निघालेली, उस्मानिया सिक्क्याचा कारभार पाहणारी ही बँक. निजाम गेला, मराठवाडा महाराष्ट्रात आला, बँक मात्र टिकली. आणि मग पाटी बदलली. बोधचिन्ह आधीपासून एकच होतं. आयएफएससीची पहिली चार अक्षरं तेवढी बदलली, पुढचे आकडे अनेक शाखांना तेच राहिले.

खातेदाराचं एवढ्यावर भागलं. काउंटरच्या आतल्याचं भागत नव्हतं. कुणाला काढणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भीती होती ती बदलीची, सेवाज्येष्ठतेच्या यादीत खाली सरकण्याची. पंचावन्न वर्षं वय आणि वीस वर्षं नोकरी झालेल्यांपुढे व्हीआरएस होतीच: घ्यावी, तर मुलीचं लग्न राहिलंय, न घ्यावी, तर कुठं टाकतील याचा नेम नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार, तोही उपवासकाळातला. आमच्याकडे ख्रिस्ती माणूस शेकड्यात एकही नाही. मंडळी एवढी लहान, की कोणाची बदली कुठं झाली हे पाळकसाहेबांच्या आधी शेवटच्या बाकाला कळतं. अशा ठिकाणी नोकरीची काळजी खासगी राहत नाही. तिची प्रार्थना होते आणि पुढे साक्ष होते. ‘प्रभूने माझी बदली थांबवली’ अशी साक्ष मी अनेकदा ऐकली आहे. ऐकताना माझी नजर हटकून मागे वळते, कारण ज्याची बदली थांबली नाही तोही तिथंच कुठंतरी बसलेला असतो. त्याने काय साक्ष द्यायची? त्याची प्रार्थना कमी पडली काय? आपण उघड असं म्हणत नाही, पण टाळ्या त्याच हिशेबाने वाजतात.

मराठी ख्रिस्ती माणसाला हा हिशेब नवा नाही. पोटासाठी धर्म बदलला, हा टोमणा आपल्या आजे-पणज्यांनी ऐकला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. पुढे वर्षानुवर्षं ते मिशनच्या पगारावर राहिले आणि १९१७ साली तो पगार सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. त्यांचं अनुकरण करा, असं मी कुणाला सांगणार नाही. घराचे हप्ते टिळकांना नव्हते. पण श्रद्धा आणि पगारपत्रक या दोन वह्या आहेत, हे त्यांनी दाखवलं. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण मागतो ती भाकर, आणि तीही आजची. पेन्शन मागितलेली नाही.

विलीनीकरणं थांबलेली नाहीत. नांदेडची मराठवाडा ग्रामीण बँक २००९मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. तीही १ मे २०२५ला विदर्भ कोकण ग्रामीण बँकेशी एक झाली. म्हणजे यादी पुन्हा लागणार, भांडणं पुन्हा होणार. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्यात तरी दुसरं काय आहे? सकाळपासून राबलेल्यांना आणि तासभर काम केलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो. कुरकुर कोण करतं? सेवाज्येष्ठ. ही गोष्ट आपण देवाच्या कृपेची म्हणून वाचतो, पण शेवटी आलेले मजूर बाजारात का उभे होते, यावर प्रवचन क्वचितच होतं. त्यांना कुणी कामालाच लावलं नव्हतं.

कायम नोकरीवाल्याची काळजी खरी आहे; तिला हसण्याचा मला अधिकार नाही. तरी बदलीच्या ठिकाणी पगार असतो. एका रस्त्यावरच्या दोन शाखांची एक झाली, की झाडायला, पाणी भरायला रोजंदारीचं माणूसही एकच लागतं. दुसऱ्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. आमच्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांतही ते मी कधी वाचलेलं नाही.