साक्षीदाराचा कल

साक्षीदार निःपक्षपाती असावा हे तत्त्व इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची तपासणी कोणी करीत नाही. फिर्यादीचा भाऊ पिंजऱ्यात आला की उलटतपासणीतला पहिला प्रश्न नात्याचा असतो, आणि नाते कबूल होताच साक्ष निम्मी बाद झाली असे मानून वकील खाली बसतो. ग्वाल्हेरच्या न्यायालयात आम्ही हे नित्य पाहतो. परंतु ज्याला कोणताच कल नाही, त्याला सर्व काही दिसते काय? हा प्रश्न आम्हांस सुचला तो कायद्याच्या ग्रंथातून नव्हे, पदार्थविज्ञानातील एका प्रयोगावरून.

1981 साली झुरिक येथे बिनिग व रोरर या दोघांनी एक यंत्र सिद्ध केले. 1986 साली त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात एक अतितीक्ष्ण सुई धातूच्या पृष्ठाजवळ नेतात. इतकी, की मधले अंतर एका नॅनोमीटरहूनही कमी उरावे. मध्ये निव्वळ पोकळी. जुन्या विज्ञानाच्या मते इलेक्ट्रॉनला ती ओलांडता येऊ नये. पण पुंजविज्ञान सांगते की तो पलीकडे सापडण्याचा अल्पसा संभव असतो. भिंत न फोडता पलीकडे जाण्याच्या या प्रकारास ‘टनेलिंग’ म्हणतात. हा प्रवाह फार हळवा असतो. अंतर मिलिमीटरच्या कोट्यंशाने वाढले तरी तो सुमारे दहापट घटतो, आणि म्हणूनच एकेका अणूचा उंचवटा टिपता येतो.

आता, ही सुई साध्या टंगस्टनची असली तर ती खरी निःपक्षपाती. इलेक्ट्रॉनला विद्युद्भाराप्रमाणेच ‘स्पिन’ नावाचा एक गुण असतो. लोहचुंबकाचे चुंबकत्व मुख्यतः त्यातूनच येते. टंगस्टनला दोन्ही दिशांचे स्पिन सारखेच. तेव्हा ती उंची सांगते, दिशेविषयी मौन पाळते. 1990 साली वीझेनडांगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रोमियमच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पृष्ठावर क्रोमियम डायऑक्साइडची चुंबकी सुई फिरविली. टंगस्टनला सारख्या दिसणाऱ्या त्या पायऱ्या आता आळीपाळीने 0.16 व 0.12 नॅनोमीटर भरू लागल्या! पायऱ्या तर बदलल्या नव्हत्या. ज्या पायरीचा स्पिन सुईशी जुळे तेथे प्रवाह वाढे. तो कायम राखण्यासाठी सुई मागे सरे, आणि पायरी उंच वाटे. उंचीविषयी सुई चुकीचे सांगत होती हे खरे. पण त्या चुकीतच दिशेचे सत्य होते. पुढे 2010 साली हॅम्बुर्गमध्ये टंगस्टनवरील मँगनीजच्या एकपदरी थरावर कोबाल्टचे सुटे अणू ठेवून, त्यांच्या दिसणाऱ्या उंचीवरून व आकारावरून एकेका अणूच्या स्पिनची दिशा वाचण्यात आली.

तथापि कल असणे निराळे आणि दडपण आणणे निराळे. लोखंडाचा मुलामा दिलेल्या सुईभोवती तिचे स्वतःचे चुंबकक्षेत्र पसरते, आणि समोरचा नमुना मऊ असला तर ते त्याची दिशाच फिरवू शकते. याकरिता पुष्कळदा क्रोमियमची सुई पसंत करतात. तिच्या टोकाच्या अणूला दिशा असते, पण शेजारचे अणू उलटसुलट असल्याने बाहेर तिचे क्षेत्र जवळजवळ नसते.

आमच्या न्यायशास्त्रास हा भेद अगदीच अपरिचित नाही. नागपूरच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी 1953 साली दलीपसिंगाच्या खटल्यात म्हटले की जवळचा नातेवाईक खऱ्या गुन्हेगारास सोडून निरपराध्यास गोवील असे सहसा घडत नाही. मात्र जुने वैर असेल तर सावध राहावे. 1872 चा पुरावा कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून नवा अधिनियम लागू झाला. बोसांचा हा विचार जुना झालेला नाही.

आम्ही राहतो ते दौलतगंज, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या लष्करातील पेठ. येथे 1858 सालाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाचा कल त्याच्या घराण्यावरून ओळखता येतो. त्या सालचा आपला मोठा मराठी साक्षीदार म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने निघालेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. राणीचे अन्न खाल्लेला माणूस. कल उघड आहे, आणि तो त्याने लपविलाही नाही. तोफा व खिंडारे यांचा हिशेब इंग्रज सेनापतीच्या अहवालांत आहे. शहर पडल्यावर गल्ल्यांत काय झाले, ग्रंथसंग्रह कसा जळाला, हे सांगावयास मात्र गोडसेच हवेत.

हा वृत्तान्त 1907 साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापला तो चिंतामणराव वैद्यांनी. वैद्य ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश होते. साक्षीची पारख त्यांच्याइतकी कोणास असणार? परकी अमलात छापावयाचे म्हणून असेल, पण त्यांनी मजकुरात बरेच फेरफार केले. भटजींचा कल वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक होता. न्यायाधीशांचा हात कोठे कोठे फिरला आहे हे कळावयास 1966 उजाडावे लागले. त्या वर्षी दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून शुद्ध प्रत काढली.