एडिंग्टन मर्यादा आणि फिरणारे तारे

एडिंग्टन मर्यादा ही ताऱ्याला आत ओढणारे गुरुत्वाकर्षण आणि बाहेर ढकलणारा प्रकाशाचा दाब यांच्यातील तोलाची अट आहे. लोकप्रिय लेखनात मात्र तिला ताऱ्यांचे कमाल वजन ठरवणारी भिंत करून टाकले आहे: ती ओलांडली की तारा फुटतो, आणि इटा कॅरिने हा तारा तर कोणत्याही क्षणी फुटणार. श्वेत बटू ताऱ्यांची चंद्रशेखर मर्यादा खरोखरच वस्तुमानाची आहे. त्याच सवयीने एडिंग्टन मर्यादाही वाचली जाते. पण एडिंग्टनच्या समीकरणात तेज आणि वस्तुमान यांच्याबरोबर वायूची अपारदर्शकताही असते, आणि ती तापमानानुसार बदलते. शिवाय 1843 च्या सुमारास इटा कॅरिनेने ही मर्यादा काही वर्षे ओलांडली होती. त्या काळात सूर्याच्या दहापटींहून अधिक वस्तुमान त्याने अवकाशात फेकले, आणि तारा आजही जागेवर आहे.

सुरुवातीच्या इतिहासात फारसा वाद नाही. एडिंग्टनने 1920 च्या दशकात विचार केला तो ताऱ्याच्या अंतर्भागाचा. 1970 मध्ये लुसी आणि सॉलोमन यांनी दाखवले की अतिनील वर्णरेषांमधून अणू प्रकाशाचा धक्का कितीतरी अधिक घेतात. 1975 मध्ये कॅस्टर, ॲबट आणि क्लाइन यांनी त्यावरून ताऱ्यांच्या वाऱ्याचा, म्हणजे त्यांच्यापासून बाहेर वाहणाऱ्या वायूचा, सिद्धांत उभा केला. मर्यादेच्या बरेच खाली असलेल्या ताऱ्यावरूनही वारा का वाहतो, हे त्यातून कळले. 1979 मध्ये हम्फ्रीज आणि डेव्हिडसन यांनी दाखवले की एका ठरावीक तेजाच्या वर थंड महातारे सापडतच नाहीत. पी सिग्नी, एस डोराडस, इटा कॅरिने अशा अस्थिर ताऱ्यांना 1984 मध्ये कॉन्टीने ‘दीप्त निळे चल तारे’ या अर्थाचे नाव दिले.

खरा गैरसमज परिवलनाबाबत आहे. चाकाला लागलेला चिखल कडेने उडतो, तसा वेगाने फिरणारा तारा विषुववृत्तावरून द्रव्य फेकणार, असे सहज वाटते. 1993 मध्ये बियोर्कमन आणि कॅसिनेली यांनी अशा ताऱ्याचा वारा विषुववृत्ताच्या पातळीवर दाबला जाऊन चकती बनते, असे प्रारूप मांडले. पण या प्रकरणातील कळीचा नियम त्याआधी जवळजवळ सत्तर वर्षे उपलब्ध होता. 1924 मध्ये फॉन झाइपेलने सिद्ध केले होते की फिरणाऱ्या ताऱ्याच्या पृष्ठभागावरून निघणारा प्रकाश तिथल्या परिणामी गुरुत्वाच्या प्रमाणात असतो. विषुववृत्तावर केंद्रोत्सारी बलाने हे गुरुत्व घटते, म्हणून तो पट्टा मंद व थंड राहतो. ध्रुव तापतात, उजळतात. वारा प्रकाशानेच ढकलला जात असेल, तर तो ध्रुवांवरच जोरदार असायला हवा. 1996 मध्ये ओवोकी आणि सहकाऱ्यांच्या गणितातून नेमके हेच निघाले, आणि चकतीही टिकेना.

पुढच्याच वर्षी लांगरने ‘ओमेगा मर्यादा’ मांडली: प्रकाशाचा दाब गुरुत्वाचा काही भाग आधीच खाऊन टाकतो, त्यामुळे तारा थोड्याच वेगाने फिरत असला तरी विषुववृत्तावर तोल सुटतो. 1998 मध्ये ग्लाटझेलने यातील उणीव दाखवली. विषुववृत्तावर गुरुत्व घटते तसा प्रकाशही त्याच प्रमाणात घटतो. तेव्हा केवळ तेवढ्याने तिथला तोल आधी सुटण्याचे कारण उरत नाही. 2000 मध्ये मेडर आणि मेने यांनी हिशेब पूर्ण केला: तेज एडिंग्टन मर्यादेच्या सुमारे 64 टक्क्यांपर्यंत असेल, तर तोल सुटण्याचा निर्णायक वेग प्रकाशदाबाने कमी होत नाही; त्यापुढे मात्र होतो. विषुववृत्त पुरेसे थंड झाले तर तिथली अपारदर्शकता वाढून वारा तिकडे बळावू शकतो, ही शक्यताही त्यांनी खुली ठेवली.

निरीक्षणे ध्रुवांवरच्या जोरदार वाऱ्याकडेच बोट दाखवतात. इटा कॅरिनेच्या 1843 च्या सुमाराच्या स्फोटातून निघालेल्या दोन फुग्यांच्या ‘होमंक्युलस’ अभ्रिकेत बहुतांश वस्तुमान ध्रुवांकडील भागात आहे, आणि ध्रुवांवरचा वायू सेकंदाला सुमारे 650 किलोमीटर वेगाने जातो. 2003 मध्ये हबल दुर्बिणीच्या वर्णपटांत आणि चिलीतील व्हीएलटीच्या निरीक्षणांत आजचा वाराही त्याच अक्षावर लांबट आढळला. एजी कॅरिने हा तारा आकुंचन पावलेल्या तप्त अवस्थेत निर्णायक वेगाच्या जवळ फिरतो, असेही मोजमाप आहे.

परिवलनाने सगळेच सुटत नाही. इटा कॅरिनेला साडेपाच वर्षांत प्रदक्षिणा करणारा जोडीदार आहे. तो वाऱ्यात पोकळी कोरतो, त्यामुळे वाऱ्याच्या लांबट आकाराचे श्रेय पूर्णपणे परिवलनाला देता येत नाही. मूळ स्फोट दोन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून झाला असावा, असेही मत आहे. पण कारण कोणतेही असो, एडिंग्टन मर्यादा ताऱ्याच्या मृत्यूची तारीख सांगत नाही. तारा वस्तुमान किती वेगाने आणि कोणत्या दिशेने गमावतो, हे ठरवणाऱ्या अनेक अटींपैकी ती एक आहे. तेज, अपारदर्शकता आणि परिवलन यांचा उल्लेख न करता तिचा आधार घेणारे भाकीत विज्ञानाच्या खात्यात जमा करू नये.