संघ तोच कसा राहतो?

दहा-बारा वर्षांत फुटबॉल क्लबातले सगळे खेळाडू बदलतात, पदाधिकारी जातात, क्वचित नाव आणि रंगही बदलतो; तरी पाठीराख्यांच्या लेखी क्लब तोच असतो. या 'तोच'पणाला आधार काय, हा प्रश्न भारतीय दर्शनांना जुनाच आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवांहून निराळा अवयवी खरोखर असतो. धाग्यांपलीकडे वस्त्र म्हणून काही आहे. बौद्धांना हे मान्य नाही. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला दाखवून देतो, की चाक, आस, जू बाजूला केल्यावर रथ नावाची वस्तू उरत नाही. उरतो तो प्रवाह: रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची ज्योत पहाटे तीच नसते, पण दुसरीही नसते.

गंमत अशी, की आत्मा नाकारणाऱ्या याच परंपरेत समूह मात्र कायमचा दानाधिकारी ठरला. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा ४२व्या वर्षाचा लेख आहे. लेणे दिले ते चारही दिशांच्या संघाला. त्या दिवशी तिथे राहणाऱ्या भिक्खूंना नव्हे. सोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी आहे. त्यातले २००० गोवर्धनच्या एका विणकर श्रेणीकडे (व्यवसायसंघाकडे) दरमहा शेकडा १ व्याजाने, तर १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे पाऊण टक्क्याने ठेवले. मुद्दल परत करायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४०, आणि वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख होता. पण त्या श्रेणी गेल्या आणि ठेवही गेली. संघ टिकवायला मुद्दल पुरले नाही.

मग संघ टिकतो कशावर? पुन्हा फुटबॉलकडे वळू. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या मोका भागातला जुव्हेंटस क्लब १९२४ मध्ये क्रेस्पी कापड गिरणीच्या कामगारांनी काढला. आधी त्याला गिरणीचेच नाव होते. १९३० मध्ये ते बदलले. १९८३ मध्ये त्याने देशाच्या दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकली, पण मोठ्या क्लबांच्या पंक्तीत तो कधी स्थिरावला नाही. गिरणी कधीच बंद झाली आणि तिच्या इमारतीत पुढे सुपरमार्केट आले.

इथे नागसेनाचे उत्तर अपुरे पडते. प्रवाहच पुरेसा असता, तर त्याच भिंतींतल्या सुपरमार्केटलाही गिरणी म्हणावे लागले असते. तसे कोणी म्हणत नाही, कारण गिरणीचा वारसा त्या दुकानाने अंगावर घेतलेला नाही. क्लबाचे पाठीराखे मात्र आजोबांच्या काळातले पराभवही आपलेच मानतात. अवयवीही नाही आणि नुसता प्रवाहही नाही; मागच्यांचे देणे-घेणे पुढच्यांनी पत्करणे, एवढ्यावर संघाचे एकत्व उभे दिसते.

कोल्हापुरात हे अधिक स्पष्ट होते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींच्या नावाचे संघ शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात. कुस्तीच्या हौद्याशी जोडलेली नावे चेंडूच्या खेळाला लागली, म्हणजे खेळसुद्धा बदलला. खेळाडू हंगामागणिक एका तालमीतून दुसरीत जातात. हरल्यावर बोलणी खावी लागतात ती तालमीच्या सगळ्या पेठेला, मैदानात न उतरलेल्यांनाही.