नांव गाडीचें आणि माणसाचें

गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या घरीं मोटार घेण्याचा विचार निघाला. चिरंजीवांनीं चारपांच गाड्यांचीं माहितीपत्रकें मेजावर पसरलीं. यंत्राची शक्ति, इंधनाचा खर्च, किंमत यांचे आंकडे त्यांत होतेच. परंतु बोलणें सुरू झालें तें नांवांवरून. एक नांव भारदस्त आहे, दुसरें पोरकट आहे, तिसरें उच्चारतांना जीभ अडखळते, असे अभिप्राय निघूं लागले. आम्हीं तीस वर्षें तर्कशास्त्र शिकविलें. तरी त्या घटकेस आमचेंही मत आंकड्यांपेक्षां नांवांकडेच ओढलें जात होतें, हें कबूल केलें पाहिजे. तेव्हां नांवाच्या अंगीं खरोखर सामर्थ्य असतें काय, आणि असल्यास त्याच्या बळावर माल खपविणें न्याय्य आहे काय, हे दोन प्रश्न मनांत उभे राहिले.

नाशिककरांस या प्रश्नांचा शोध घेण्यासाठीं दूर जावयास नको. सातपूरच्या महिंद्र कारखान्यांतून बोलेरो आणि स्कॉर्पिओ या गाड्या बाहेर पडल्या. स्कॉर्पिओ म्हणजे विंचू. आपल्याकडे हें नांव कोणी पोटच्या पोरास ठेवणार नाहीं; नाथांनीं तर भारुडांत विंचवाला काम-क्रोधाचें रूपक केलें. असें असूनही २००२ सालीं निघालेली ही गाडी पुढाऱ्यांपासून द्राक्षबागाइतदारांपर्यंत सर्वांनीं मिरविली. बोलेरो हें स्पेन देशांतील एका नृत्याचें नांव. निफाड-दिंडोरीच्या रस्त्यांवर ती गाडी हांकणाऱ्यांपैकीं बहुतेकांचें या नृत्यावांचून कांहीं अडलें नाहीं. त्यांच्या लेखीं बोलेरो म्हणजे खाचखळग्यांतून निभावून नेणारी गाडी. नांवाला हा अर्थ गाडीनेंच मिळवून दिला.

या गाड्यांच्या नांवांच्या शेवटीं ‘ओ’ येतो, आणि तो ओकार शुभ आहे अशी समजूत रूढ झाली. परंतु २०१८ सालीं येथेंच तयार होऊं लागलेल्या मराझोच्या शेवटींही ओकार होता. बास्क भाषेंतील शार्क माशाचें तें नांव. तरी तिची विक्री मंदच राहिली. उलट थार या नांवांत ओकार नाहीं, अर्थ पाहूं गेल्यास रूक्ष वाळवंट. आणि २०२० सालच्या नव्या थारसाठीं लोक महिनेच्या महिने थांबून राहिले.

याहून बोधप्रद उदाहरण लोगनचें आहे. फ्रान्सच्या रेनो कंपनीशीं भागीदारी करून महिंद्रांनीं २००७ सालीं ही गाडी नाशकांत काढली. अपेक्षेइतकी ती खपली नाहीं. २०१० सालीं भागीदारी मोडली, आणि पुढल्याच वर्षीं त्याच गाडीचें नांव व्हेरिटो झालें. सत्य या अर्थाच्या लॅटिन शब्दाची आठवण करून देणारें हें नांव होतें. घर बदललें म्हणून नांव बदललें. अंगकाठी जवळजवळ तीच राहिली. नव्या नांवानें तिला कांहीं वर्षांचें आयुष्य दिलें, परंतु बोलेरोची लोकप्रियता तिला कधींच लाभली नाहीं.

अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें १९५७ सालीं एक नवी गाडी बाजारांत आणली. तिच्यासाठीं हजारों नांवें गोळा केलीं, मॅरिअन मूर या कवयित्रीसही नांवें सुचविण्याची विनंति केली. आणि अखेर हेन्री फोर्डच्या पुत्राचें ‘एड्सेल’ हें नांव दिलें. १९५९ सालीं ती गाडी गुंडाळावी लागली. आपल्याकडे टाटांच्या नॅनोस कंपनीनें सुटसुटीत नांव दिलें होतें. पण लोकांनीं तिला ‘लाखाची गाडी’ म्हटलें, आणि स्वस्तपणाचा तो शिक्का पुसला गेला नाहीं. त्याच टाटांची ‘झिका’ २०१६ सालीं बाजारांत येणार, तोंच त्या नांवासारख्याच नांवाच्या रोगानें जगभर भीति पसरविली. गाडीचें नांव टियागो केलें, आणि ती पुढें उत्तम चालली. यावरून एवढें ठरतें कीं, वाईट नांव गिऱ्हाइकास दारांतूनच परत पाठवूं शकतें. चांगलें नांव त्याला आंत बोलावतें, परंतु आंत कांहीं नसेल तर त्याला बसवून ठेवणें नांवाच्या हातीं नाहीं.

आपले साहित्यशास्त्रकार शब्दाच्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशा तीन शक्ति सांगतात. गाडीचें नांव प्रारंभीं केवळ व्यंजनेवर जगतें: वेग, दरारा, ऐश्वर्य यांची तें सूचना करतें. दोनचार वर्षें गाडी रस्त्यावर धांवली कीं व्यंजना विरते, आणि नांवाचा अर्थ ती गाडी एवढाच उरतो. तेव्हां सूचक नांव ठेवण्यांत फसवणूक आहे असें आम्हांस वाटत नाहीं. राम नांव ठेवणारा बाप मुलगा राम झाला असें म्हणत नाहीं; तो आशा व्यक्त करतो. दोष येतो तो जुना माल नवा भासविण्यासाठीं नांव बदललें तर. आणि त्या दोषांत आपलाही वांटा आहे. विंचवाचा दरारा यंत्रास नको असतो, तो मालकास हवा असतो.

हे विचार आम्ही त्या संध्याकाळीं घरांत मोठ्या उत्साहानें मांडीत होतों. डिसेंबर २०२४ मधील वादाची गोष्टही आम्हीं सांगितली. महिंद्रांनीं विजेवरील गाडीस ‘बीई ६ई’ हें नांव दिलें. ‘६ई’ ही आपली खूण आहे म्हणून इंडिगो विमान कंपनीनें दिल्ली उच्च न्यायालयांत धांव घेतली, आणि महिंद्रांनीं गाडी ‘बीई ६’ या नांवानें बाजारांत आणण्याचें ठरविलें. सूनबाई चहाचे पेले उचलीत होत्या. त्या शांतपणें म्हणाल्या, “बाबा, गाडीचें एक अक्षर जायला हायकोर्ट लागलें. माझें सबंध नांव जायला तांदुळाचें एक ताट पुरलें.”

आम्ही निरुत्तर झालों. पांच वर्षांपूर्वीं लग्नांत चिरंजीवांनीं ताटांतल्या तांदुळांवर अंगठीनें जें नांव लिहिलें, तें आम्हींच निवडलें होतें. कानास गोड, अर्थानें मंगल, आमच्या आडनांवाशीं जुळणारें. जिचें नांव, तिला मात्र आम्हीं विचारलें नव्हतें. लोगनची व्हेरिटो झाली तेव्हां लोगनला दुःख झालें नाहीं, कारण आपल्याला काय म्हणतात हें गाडीस कळत नाहीं. माणसाचें तसें नाहीं. बावीस वर्षें ज्या हाकेला ओ दिली, ती हाक म्हणजे त्या बावीस वर्षांच्या आठवणी असतात. माहेरीं त्यांना अजूनही जुन्याच नांवानें बोलावतात. आणि आमच्याकडे मात्र त्या अधिक शांत असतात असें आम्ही स्वभावाच्या खातीं मांडीत आलों होतों.

वस्तूचें नांव घेणाऱ्यासाठीं असतें, म्हणून विकणाऱ्यानें तें घेणाऱ्याकडे पाहून ठेवावें, यांत अन्याय नाहीं. मनुष्याचें नांव प्रथम त्याचें स्वतःचें असतें. हा भेद आम्ही वर्गांत विद्यार्थ्यांस सहज समजावून दिला असता. घरांत तो आम्हांस दुसऱ्यानें शिकवावा लागला. दसऱ्यास गाडी घरीं आली. त्या सकाळीं आम्हीं सूनबाईंस प्रथमच त्यांच्या मूळ नांवानें हाक मारली. आमची जीभ थोडी अडखळली. त्यांनीं मात्र ताबडतोब ओ दिली.