रूथेचा सरवा

वचन: रूथ 2:1–17, लेवीय 19:9, 10



मवाबाहून आलेली एक विधवा दिवसभर शेतांत राबून संध्याकाळीं घरीं परतली, तेव्हां तिच्यापाशीं किती धान्य होतें, हें पवित्र शास्त्रानें मापासह लिहून ठेविलें आहे. सुमारें एफाभर सातू. म्हणजे वीस लिटरांच्या आसपास. देवाच्या ग्रंथांत गरिबाच्या चुलीचें माप यावें, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें.

हें धान्य भिक्षा नव्हतें. शेताच्या कडा कापूं नयेत, सरवा वेचूं नये, तो गरिबाचा व उपऱ्याचा आहे, असें नियमशास्त्र सांगतें. भूमि मालकाची, पण वेचणें, झोडणें व घरीं नेणें रूथेचें. बवाजानें काय केलें तें पाहा. त्यानें तिला आपल्या शेतांत राहूं दिलें. तिच्या वाटेस जाऊं नका, असें गड्यांस बजाविलें. त्यांनीं भरलेलें पाणी पिण्याची मोकळीक दिली. आणि पेंढ्यांतून मुद्दाम कांहीं कणसें गळूं द्यावयास सांगितलें. आमच्या मतें हें शेवटचें सर्वांत कठीण, कारण त्यांत देणाऱ्याचें नांव होत नाहीं. (पुढें त्यानें सहा मापें सातू तिच्या पदरांतहि घातले. तेव्हां उपाशी घरास आधीं भाकर द्यावी, याविषयीं आमचा वाद नाहीं.)

सन 1970 सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेडास रोग्यांच्या सेवेसाठीं गेलें. दुखण्यांच्या मुळाशीं भूक व पाण्याची टंचाई आहे, हें त्यांस दिसलें. 1972 च्या दुष्काळानें तें सर्वांसच दाखविलें. म्हणून तेथें दवाखान्याबरोबर पाण्याची सोय, शेतकरी मंडळें व खेड्यांतील स्त्रियांचें शिक्षण हीं कामें उभीं राहिलीं.

आपल्या मंडळ्या नाताळांत धान्याच्या पिशव्या वांटितात, छायाचित्रेंहि काढितात. पण आषाढ-श्रावणांत, कणगी रिकामी असतां, तींच घरें काय खातात? कित्येक खेड्यांत उपासनामंदिराभोंवतीं दोन-चार गुंठे जागा पडीक असते व तींत गाजरगवत माजतें. ‘दिली तर उद्यां हक्क सांगतील,’ असें पंच म्हणतात. ही भीति अगदींच खोटी नाहीं. पण तिला वर्षाचा लेखी करार हें औषध आहे, गाजरगवत नव्हे.

दोन गुंठ्यांत वर्षाची ज्वारी पिकणार नाहीं, हें खरें. परंतु मेथी, चुका, वांगीं, मांडवावर दोडका व भोपळा, सांडपाण्यावर अळू, कुंपणाशीं शेवगा, इतकें सहज होतें. शेवग्याच्या शेंगांपेक्षां पाला लेंकरांस अधिक हिताचा, आणि तोच आपण शेळ्यांपुढें टाकितों! बी मात्र घरचें धरून राखेंत ठेवावयास शिकवावें, नाहींतर पुढल्या वर्षीं तें कुटुंब पुन्हा आपल्या दारीं उभें राहील.

पंचांनीं ही गोष्ट मृगापूर्वीं सभेपुढें आणावी. शेवग्याची मनगटाएवढी जाड, दोन-तीन हात लांब फांदी पावसाच्या तोंडावरच लावावी लागते. आणि जागा भूमिहीन कुटुंबांपैकीं कोणास द्यावयाची व मंडळीच्या विहिरीचें पाणी त्यास कोणत्या वेळीं मिळावयाचें, हें त्याच सभेंत लिहून ठेवावें.